हानलेच्या मनुलपासून शंभर मीटर लांब राहा: सहल-आयोजकांना आणि छायाचित्रकारांना खुलं पत्र

प्रति,
लडाखच्या वन्यजीव सहली काढणारे महाराष्ट्रातले आयोजक, त्या सहलींना जाणारे छायाचित्रकार आणि वन्यजीव छायाचित्र स्पर्धांचे परीक्षक यांस

स.न.वि.वि.

मनुल हे थंड पठारांवरचं लहान रानमांजर, म्हणजे तुमच्या पत्रकांतली ‘पॅलस कॅट’, आता मराठी छायाचित्रकारांच्या यादीत हिमबिबट्याच्या शेजारी जाऊन बसलंय. हिमबिबट्यासाठी कडाक्याच्या थंडीत दिवसेंदिवस कड्यांकडे डोळे लावून बसावं लागतं. मनुल उन्हाळ्यात, पूर्व लडाखमधल्या हानले गावाच्या परिसरात, रस्त्यापासून फार लांब न जाता आणि बऱ्याचदा एका जागी बसलेलं सापडतं. ते बसून राहतं म्हणून गाडी पुढे जाते, आणि गाडी पुढे गेली की ते आणखी दबून बसतं. मग ‘त्याला काही त्रास नाही, बघा ना, हललंसुद्धा नाही’ असं म्हणत माणसं खाली उतरतात.

हंगामात फिरणारे फोटो जरा नीट बघा. पोट जमिनीला चिकटलेलं, कान दोन्ही बाजूंना आडवे पडलेले, हनुवटी मातीला टेकलेली, नजर थेट लेन्सवर. खाली प्रतिक्रिया: ‘काय पोझ दिलीय!’ सोनेरी गरुड डोक्यावर घिरट्या घालतो तेव्हा मनुल हेच करतं. लांडगा, लाल खोकड किंवा कुत्रा दिसला तरी हेच करतं. पळण्यात आपला निभाव लागणार नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे, म्हणून ते दगड होऊन बसतं. या पत्रातलं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे: मनुलचं न हलणं हा त्याचा बचाव आहे, तुम्हाला दिलेली परवानगी नव्हे.

आधी प्राणी किती लहान आहे ते लक्षात घ्या. वजन अडीच ते साडेचार किलो, म्हणजे घरच्या मांजराएवढंच. डोकं आणि धड मिळून ४६ ते ६५ सेंटिमीटर, शेपूट २१ ते ३१. फोटोत ते दुप्पट दिसतं ते दाट, लांब केसांमुळे. एवढी दाट लव मांजरकुळात क्वचितच कुणाला आहे. पाय आखूड, धड बुटकं. थोडं अंतर जोरात धावलं की ते थकतं. म्हणून त्याचं सगळं जगणं आडोशाला बांधलेलं आहे: दगडांची रास, घळ, कड्याच्या पायथ्याची कपार, मार्मोटचं (बिळात राहणाऱ्या मोठ्या खारीचं) बीळ. बीळ ते स्वतः खणत नाही, दुसऱ्याचं वापरतं. मध्य मंगोलियात रेडिओ कॉलर लावून झालेल्या अभ्यासात मादीचा वावर सरासरी २३ चौरस किलोमीटर आणि नराचा ९८ चौरस किलोमीटर निघाला. साडेतीन किलोच्या जनावराला एवढा मुलूख लागतो, कारण त्यातला वापरता येण्याजोगा, आडोशाचा तुकडा थोडाच असतो. उघड्या पठारावर दिसलेलं मनुल हे एका आडोशाकडून दुसऱ्या आडोशाकडे निघालेलं असतं, किंवा ‘पिका’ या सशाच्या नात्यातल्या छोट्या प्राण्याच्या बिळापाशी दबा धरून बसलेलं असतं. दोन्ही वेळी ते सर्वांत जास्त धोक्यात असतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला दिसतं.

आता गाड्या काय करतात ते बघू. पहिली गाडी थांबते. ड्रायव्हर दुसऱ्याला कळवतो. दुसरी गाडी पहिलीच्या मागे उभी राहिली तर मधे डोकं येतं, म्हणून ती रस्ता सोडून पलीकडच्या बाजूला जाते. तिसरीला ‘आय लेव्हल’ हवी असते, ती चढाच्या बाजूने येते. दहा मिनिटांत मनुलच्या तीन बाजू बंद, आणि चौथीकडे दोनशे मीटर उघडं मैदान. ज्या कपारीकडे ते निघालं होतं ती बहुतेकदा चढावरच असते, म्हणजे तिसऱ्या गाडीच्या मागे. ताडोबात वाघाभोवती जिप्सींची गर्दी झाली की आपण नाकं मुरडतो. पण तिथे निदान ठरलेले रस्ते आहेत, गेट आहे, आणि वाघ वैतागला तर झाडीत शिरू शकतो. हानलेच्या मैदानात गेटही नाही आणि झाडीही नाही.

कोंडीत सापडलेलं मनुल शेवटी पळतंच. गाड्यांच्या गोंगाटात, भर उजेडात, उघड्यावरून. तो धावतानाचा फोटो ‘अॅक्शन शॉट’ म्हणून सर्वांत जास्त वाहवा मिळवतो. पळालं नाही तर नुकसान दिसत नाही, पण होतंच. पिका म्हणजे मूठभर जीव. एवढ्याशा शिकारीवर दिवस भागत नाही, पुन्हा पुन्हा दबा धरावा लागतो. तुमचे दरवाजे वाजले की पिका बिळात जातात आणि बराच वेळ वर येत नाहीत. पहाट आणि संध्याकाळ ही मनुलच्या शिकारीची मुख्य वेळ आणि तीच तुमच्या ‘गोल्डन लाइट’ची. रोज दोन्ही वेळा एखाद्या ओळखीच्या मनुलपाशी गाड्या लागत असतील तर ते उपाशी राहतं किंवा चांगली जागा सोडून वाईट जागी जातं. मे ते ऑगस्ट हा प्रश्न आणखी गंभीर होतो. पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात, एका वेळी बहुधा तीन-चार, आणि चार-पाच महिन्यांची होईपर्यंत आईवर अवलंबून असतात. पर्यटनाचा हंगाम आणि पिल्लांचा काळ जवळजवळ एकच आहे.

म्हणून आमची मागणी ठोस आकड्यांत सांगतो. हे आकडे कायद्यात लिहिलेले नाहीत. प्राण्याच्या वागण्यावरून आम्ही सुचवतोय. कुणाला यापेक्षा कडक ठेवायचे असतील तर आनंदच आहे.

गाडीतून शंभर मीटर. पायी कधीच नाही. एका वेळी तीनच गाड्या, तिन्ही रस्त्यावर, तिन्ही एकाच बाजूला. थांबायचं वीस मिनिटं. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघायचं, संध्याकाळची शिकार त्याची त्याला करू द्यायची. पिल्लं किंवा पिल्लांचं बीळ दिसलं तर थांबायचंच नाही.

‘शंभर मीटर मोजायचे कसे?’ असा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. रेंजफाइंडर असेल तर उत्तमच, नसेल तर कॅमेराच मोजपट्टी आहे. आडवं उभं मनुल साधारण अर्धा मीटर लांब धरा, शेपूट सोडून. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद) ६०० मिलिमीटर लेन्स असेल तर शंभर मीटरवर ते सेन्सरवर तीन मिलिमीटर जागा व्यापतं, म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा बारावा भाग. व्ह्यूफाइंडरमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारा मनुल बसली पाहिजेत. सहाच बसत असतील तर तुम्ही पन्नास मीटरवर आहात, गाडी मागे घ्या. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान, सुमारे २४ मिलिमीटर रुंद सेन्सरवर) त्याच लेन्सला हा आकडा आठ. फुल फ्रेमवर ४०० मिलिमीटर लेन्स असेल तर अठरा. हे हिशेब निघण्यापूर्वी एका चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या हूडला आतून चिकटवा. समोर मनुल असताना कुणाचंही गणित चालत नाही.

‘एवढ्या लांबून फोटो काय येणार?’ पंचेचाळीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर, ६०० मिलिमीटरने, शंभर मीटरवरचं मनुल सुमारे सातशे पिक्सेल लांब येतं. १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्सची फोकल लेंग्थ १.४ पट करणारं जोडभिंग) लावला तर साडेनऊशेच्या पुढे. मोबाइलच्या पडद्यावर बघायला हे पुरून उरतं. मोठी छपाई करायची असेल तर मनुल लहान आणि पठार मोठं अशी फ्रेम करा. ज्या मुलखात ते राहतं तो मुलूख फोटोत आला तर बिघडत काही नाही. उलट पंधरा मीटरवरून काढलेल्या क्लोज-अपमध्ये ते हानलेत आहे की प्राणिसंग्रहालयात, हेही कळत नाही.

लांबून काढलेले फोटो खराब येतात याची कारणं बहुधा अंतराच्या बाहेरची असतात. पहिलं कारण गरम हवेची थरथर. इतक्या उंचीवर हवा थंड असली तरी उन्हाने जमीन पटकन तापते, आणि सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमिनीलगतची हवा लवलवायला लागते. लांब लेन्स त्या हवेतूनच बघते, मग फोकस कितीही अचूक असला तरी केस एकमेकांत मिसळलेले दिसतात. माणसाला वाटतं फोकस चुकला किंवा फार लांब आहोत, आणि तो पुढे सरकतो. उपाय एकच: सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास वापरा आणि मग कॅमेरा बंद करा. गाडीच्या आतली गरम हवा आणि बाहेरची थंड हवा काचेपाशी मिसळते, तिथेही अशीच थरथर होते; हीटर दहा मिनिटं आधी बंद करा आणि खिडक्या उघड्या ठेवा. दुसरं कारण इंजिन. ते चालू असेल तर बीन बॅगवर ठेवलेली ६०० मिलिमीटर लेन्सही बारीक हलते. इंजिन बंद, सगळ्यांनी बसून राहायचं, शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान. आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच वापरा. शांत पठारावर मेकॅनिकल शटरची फैर लांबवर ऐकू जाते.

आता मनुल काय सांगतंय ते वाचायला शिकू. ते चालतंय, थांबतंय, बिळापाशी वास घेतंय, तुमच्याकडे बघतसुद्धा नाही: ठीक आहे. डोकं वर करून तुमच्याकडे एकटक बघतं, पण कान मूळच्या जागी: तुमची नोंद झाली, इथून पुढे गाडी एक फूटही जाता कामा नये. शरीर खाली घेतलं, कान आडवे झाले: तुम्ही आधीच फार जवळ आहात. एका बाजूचा ओठ वर उचलला गेला, सुळा दिसला, गुरगुर ऐकू आली: हा फोटो काढायचासुद्धा नाही, निघायचं. पोटावर सरपटत मागे जायला लागलं तर ते कुठल्या दिशेला सरकतंय ते बघा. तिकडे त्याचा आडोसा आहे, आणि त्या बाजूला असलेल्या गाडीने आधी हटायचं. निघताना आलात त्याच वाटेने, सावकाश, दार न उघडता. नवी वाट काढून वळसा घालायला गेलात तर आणखी एक बाजू बंद होते.

कान आणि हनुवटीचं हेच वाचन स्पर्धांच्या परीक्षकांनी करावं, ही खास विनंती. आडवे कान, जमिनीला टेकलेली हनुवटी, बाजूला काहीही आडोसा नाही आणि कॅमेरा मनुलच्या डोळ्याच्या पातळीवर, एवढ्या चार गोष्टी एका फोटोत दिसल्या तर मूळ फाइल मागवा आणि फोकल लेंग्थ बघा. अंतर वरच्या हिशेबाने दोन मिनिटांत काढता येतं. ते पंचवीस मीटर निघालं तर फोटो कितीही देखणा असो, बाद करा आणि बाद का केला ते जाहीर सांगा. एका स्पर्धेने हे केलं तर शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त फरक पडेल, कारण मुळात ही सगळी शर्यत बक्षिसांसाठी आणि समाजमाध्यमांवरच्या बदामांसाठी चालली आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात, पण नीट. मनुल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्याच्या कलम २(१६) मधली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणं, त्याला आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात मोडतं. म्हणजे उठावं म्हणून खडा मारणं, धावावं म्हणून गाडी मागे लावणं, बिळाबाहेर यावं म्हणून मांसाचा तुकडा टाकणं, या सगळ्याला कायदा शिकार म्हणू शकतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला कलम ५१ खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. २०२२ च्या दुरुस्तीत हा दंड वाढला. गुन्ह्यात वापरलेली गाडी कलम ५० खाली जप्त होऊ शकते, आणि ती गाडी बहुतेकदा हानले किंवा लेहच्या एखाद्या ड्रायव्हरची, कर्जावर घेतलेली असते. ‘जरा आत घे रे’ म्हणणारा पाहुणा विमानाने परत जातो. गाडी मात्र तिथेच अडकते. हा सगळा भाग १९८७ पासूनच्या चांगथांग अभयारण्यात येतो, त्यामुळे अधिवासाचं नुकसान करणं कलम २९ खालीही अडतं. ड्रोनचा विषय तर काढूच नका: अभयारण्य आहे, ताबारेषा जवळ आहे, आणि वरून येणारी कोणतीही आकृती मनुलसाठी गरुडच असते.

रात्रीच्या शोधदिव्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘नाइट सफारी’ हा शब्द काही पत्रकांत दिसायला लागलाय. हानलेच्या वेधशाळेभोवतीचं १,०७३ चौरस किलोमीटरचं क्षेत्र डिसेंबर २०२२ पासून ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे. तिथल्या गावकऱ्यांनी घरांचे दिवे झाकले, पडदे लावले, आणि तुम्ही टपावर सर्चलाइट लावून फिरणार? दिव्याने दिपलेलं मनुल काही काळ नीट बघू शकत नाही, आणि खोकड किंवा कुत्र्याला मात्र ते कुठे आहे ते कळतं.

रस्ता सोडून गाडी घालण्याने जे बिघडतं ते त्या दिवशी दिसत नाही, म्हणून लोकांना ते खरं वाटत नाही. हानले गाव सुमारे ४,३०० मीटरवर आहे. वाढीचा काळ उन्हाळ्यातले जेमतेम काही महिने. खुरट्या झुडपांवरून एकदा चाक गेलं की तो पट्टा पुढची कित्येक वर्षं तसाच राहतो, आणि दुसरा ड्रायव्हर त्यालाच रस्ता समजतो. झुडपांच्या मुळांपाशी पिकांची बिळं असतात. दोन टनांची गाडी वरून गेली की तोंडं ढासळतात. दलदलीच्या कुरणात तर चाकोरी पाण्याची नाली बनते आणि आजूबाजूचं कुरण सुकायला लागतं. तिथे चांगपा लोकांची पश्मिना शेळ्या-मेंढरं चरतात आणि काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. मार्मोटची बिळं गेली की मनुलची घरं गेली, कारण खणणारा तोच. मार्मोटला बिस्किटं खायला घालणं हा आणखी एक आवडता उद्योग. बिस्किटांसाठी मार्मोट रस्त्यावर येतात, लठ्ठ आणि सुस्त होतात, आणि कुत्र्यांच्या तोंडी जातात.

कुत्र्यांचा प्रश्न आमच्या मते गाड्यांपेक्षाही मोठा आहे, आणि त्यात पर्यटकांचा वाटा फारसा कुणी कबूल करत नाही. लडाखच्या पठारावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. त्यांचं पोट गावं, छावण्या आणि हॉटेलांच्या उकिरड्यांवर आणि पर्यटकांच्या डब्यांवर भरतं. उन्हाळाभर अन्न मुबलक मिळालं की पिल्लं जगतात आणि टोळी वाढते. ऑक्टोबरनंतर पर्यटक जातात, उकिरडे गोठतात, आणि तीच वाढलेली टोळी पठारावर शिकारीला निघते. तेव्हा बर्फात मनुलचा रंग त्याला लपवत नाही आणि सैल बर्फात त्याचे आखूड पाय रुततात. तेव्हा कृपा करून: पॅक लंचचं उरलेलं, अंड्याची टरफलं, कोंबडीची हाडं पठारावर टाकू नका, पुरूही नका, कुत्री उकरून काढतात. हवाबंद डब्यात घालून लेहला परत न्या. गाडीमागे येणाऱ्या कुत्र्याला बिस्किट टाकू नका. तुमच्या गाडीमागून एक कुत्रा मनुलच्या जागेपर्यंत पोचला तर त्या दिवशीचं तुमचं निसर्गप्रेम तिथेच संपलं.

पिल्लांबद्दल एक गोष्ट प्रत्येक सहभागीला तोंडी सांगा. बिळाच्या तोंडाशी एकटी दिसणारी पिल्लं अनाथ नसतात. आई शिकारीला गेलेली असते आणि तुम्ही तिथे उभे आहात म्हणून परत येत नसते. तिला धोका वाटला तर ती पिल्लं एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि प्रत्येक खेप उघड्यावरून होते. ‘सोडवण्यासाठी’ पिल्लू उचलणं हे तर सर्वांत वाईट. घरमांजरांमधून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मनुलच्या थंड, कोरड्या मुलखात फारसा नसतो, म्हणून त्यांच्या शरीराला त्याच्याशी लढायची सवयच नाही. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली कितीतरी मनुल पिल्लं याच रोगाने दगावली आहेत. वस्तीत आणलेलं पिल्लू वाचण्याची शक्यता कमीच. जखमी प्राणी दिसला तरी हात लावू नका. जागा, वेळ आणि लांबून काढलेला एक फोटो वन्यजीव विभागाला द्या.

आता आयोजकांशी थोडं रोखठोक. वर लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा हानलेत होत नाहीत, त्या तुमच्या वेळापत्रकात आधीच ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी आराम, तिसऱ्या दिवशी सुमारे अडीचशे किलोमीटर गाडीने हानले, चौथ्या आणि पाचव्या दिवशी मनुल, सहाव्या दिवशी परत. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढून एकदम चार हजार तीनशेवर झोपायला गेलेल्या गटात एखाद्या तरी माणसाचं डोकं ठणकतं, त्याला उलट्या होतात, आणि एक सकाळ त्यातच जाते. हातात उरतात दोन संध्याकाळी आणि एक सकाळ. पत्रकावर मनुलचा मोठा फोटो आहे, पैसे भरपूर घेतलेत, आणि समोर शंभर मीटरवर ते बसलंय. तिथे कुठलाही आयोजक ‘पुढे नको’ म्हणू शकणार नाही. म्हणून लेहला तीन रात्री, वाटेत चुमाथांग किंवा न्योमाला एक, आणि हानलेत किमान चार असं बांधा. एवढे दिवस परवडत नसतील तर सहलीच्या नावात मनुल घालू नका. पठार, कियांग (रानगाढवं), क्रौंच, तारे एवढं सांगितलं तरी लोक येतात.

‘हमखास दर्शन’ हे शब्द काढून टाका. त्याऐवजी पत्रकात हे छापा, जसंच्या तसं वापरलंत तरी हरकत नाही: ‘मनुल दिसेलच असं नाही. दिसलं तर आपण गाडीतूनच, रस्त्यावरून, शंभर मीटरवरून, जास्तीत जास्त वीस मिनिटं बघू. कधी निघायचं हे गटप्रमुख ठरवेल. ड्रायव्हरला रस्ता सोडायला सांगणाऱ्याची सहल तिथेच थांबेल आणि पैसे परत मिळणार नाहीत.’ शेवटचं वाक्य कठोर वाटेल, पण त्यामुळेच ड्रायव्हरला नाही म्हणता येतं. वाटाड्या हानलेचाच घ्या, त्याची रोजची मजुरी आधी ठरवा, आणि दर्शनावर बक्षिसी ठेवू नका. मनुल दिसल्यावर पाचशेच्या नोटा निघायला लागल्या की उद्या तोच माणूस तुमच्यासाठी बिळात काठी घालेल. दोष त्याचा नसेल.

जागा सांगण्याबद्दल. मोबाइलचा फोटो आपोआप अक्षांश-रेखांश साठवतो, आणि कॅमेरा मोबाइलच्या अॅपला जोडलेला असेल तर त्याच्या फाइलीतही ते जातात. हानलेत शिरण्यापूर्वी दोन्हीकडचं लोकेशन बंद करा. फोटो टाकताना ‘चांगथांग’ एवढंच लिहा आणि हंगाम संपल्यावर टाका. पार्श्वभूमीतला ओळखीचा कडा किंवा पूल कापून टाका. सराईत लोक त्यावरून बीळ शोधतात. खरी नोंद द्यायचीच असेल तर वन्यजीव विभागाला द्या: तारीख, वेळ, उंची, खडकाचा प्रकार, मनुल काय करत होतं. त्याचा उपयोग होतो. नेपाळमध्ये सागरमाथ्याच्या (एव्हरेस्टच्या) परिसरात मनुल आहे हे कळलं ते २०१९ मध्ये ५,११० आणि ५,१९० मीटरवर उचललेल्या विष्ठेतल्या डीएनएवरून. अरुणाचलमध्ये ते असल्याचा पुरावा २०२४ मध्ये दगडाला बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी दिला. या दोन्ही ठिकाणी मनुलच्या मागे कुणी धावलं नव्हतं.

‘पण ते तर आता धोक्यात नाही ना?’ हा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. खरं आहे, जागतिक लाल यादीत २०२० मध्ये मनुलची नोंद ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गातून ‘किमान चिंता’ या वर्गात गेली. ती नोंद इराणपासून मंगोलिया-चीनपर्यंतच्या अफाट पट्ट्याची आहे. भारताच्या वाट्याला त्या पट्ट्याची दक्षिणेकडची चिंचोळी किनार येते, आणि त्यातही रस्त्यावरून गाठता येणारी, राहायला सोयीची मनुलची ठिकाणं मोजकीच. सगळ्या गाड्या त्याच ठिकाणी लागतात. मंगोलियातली मनुल हानलेतल्या एका मादीची जागा घ्यायला येणार नाहीत.

तेव्हा येत्या हंगामाची पत्रकं छापायला जाण्याआधी, आणि स्पर्धांचे नियम जाहीर होण्याआधी, वरच्या अटी त्यांत घाला. ज्यांना अंतराचा तक्ता वेगवेगळ्या लेन्ससाठी हवा असेल त्यांनी एवढं सूत्र वापरावं: लेन्सची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये घ्या, तिला दोनशेने भागा, आलेल्या आकड्याने सेन्सरच्या रुंदीला भागा. शंभर मीटरवर फ्रेममध्ये किती मनुल आडवी बसली पाहिजेत, ते उत्तर.

आपले,
हिमालयातल्या लहान मांजरकुळाचे काही मराठी अभ्यासक